छत कापण्याआधी मागची काच बघा!

मित्रांनो, गेल्या सुट्टीत विंगमधल्या एका मित्राच्या घरी गेलो होतो. त्याच्या काकांनी जुनी कॉन्टेसा घेतली आहे. डेंटिंगवाला म्हणाला, "छत चार इंच खाली घेऊ, मागची काच तिरपी करू, एकदम अमेरिकन गाडी वाटेल!" काका खूष. मला विचारलं, "तू मेकॅनिकलचा ना, होईल का?" तेव्हा मी नुसती मान हलवली. होस्टेलवर परत आल्यावर मात्र वाचत बसलो. तेच इथे मांडतो.

ही कल्पना आली कुठून? अमेरिकेत १९४०-५० च्या दशकांत दोन दारांच्या गाड्यांचं छत खाली घेण्याचं वेड होतं. त्याला 'टॉप चॉप' म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या बॅरिस बंधूंनी १९५१ ची मर्क्युरी अशीच बदलली, छत पुढून ४ इंच आणि मागून ७ इंच खाली!

ऐकायला सोपं वाटतं, पण छताचे खांब आतल्या बाजूला झुकलेले असतात. मधला तुकडा काढला की वरचा आणि खालचा भाग जुळतच नाही. मग छत कापून लांब करा, नाहीतर खांब आणखी वाकवा. काचेचं वेगळंच. पुढची लॅमिनेटेड काच कापता येते, पण मागची काच बहुधा टफन्ड असते. तिला कटर लावला की चुरा! म्हणून जुने कारागीर ती न कापता जास्त तिरपी बसवत. म्हणजे ती तिरपी काच नुसती फॅशन नव्हती, ती गरज होती.

आता हवेचं बघू. शेगाव-खामगाव रस्त्यावर जीपच्या मागच्या काचेवर किती धूळ बसते, पाहिलंय ना? छतावरून येणारी हवा काचेला धरून खाली उतरली नाही की मागे भोवरे तयार होतात, दाब कमी होतो आणि धूळ आत ओढली जाते. हाच कमी दाब गाडीलाही मागे खेचतो. एस. आर. अहमद आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एका साध्या मॉडेलवर दाखवलं, की मागचा उतार साधारण ३० अंशांचा असताना हवेचा विरोध सर्वांत जास्त होतो. म्हणजे 'काच तिरपी केली की गाडी पळेल' हा गैरसमजच.

खरी गंमत डॉजची. हे नाव आपल्याला नवं नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने मुंबईत कुर्ल्याला डॉज गाड्या जोडल्या होत्या. त्याच डॉजची १९६८ ची चार्जर दिसायला देखणी, पण मागची काच दोन पट्ट्यांच्या मध्ये खोल बसवलेली. शर्यतीत तिथे हवा घुसळायची आणि गाडीचा मागचा भाग उचलला जायचा. १९६९ मध्ये कंपनीने ती खाच बुजवून काच छताच्या उताराला समपातळीत आणली. त्यावर लांब नाक आणि उंच पंख लावून डेटोना बनवली. मार्च १९७० मध्ये बडी बेकरने ती टॅलाडेगाच्या ट्रॅकवर ताशी २०० मैलांच्या वर नेली! म्हणजे काचेची जागा बदलली, पण आधी मोजमाप करून.

आपल्याकडे काय? हवेचं बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ६० वरून १२० वर गेलो की चौपट! मेहकरजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर हा वेग सहज गाठला जातो. तिथे गाडी उलटली तर जीव वाचवणार ते खांबच, आणि वेल्डिंग कच्चं असेल तर? शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेशी न जुळणारा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हेच सांगितलं.

हे सगळं काकांना फोनवर सांगितलं. आधी ते चिडले, "तुम्ही शिकलेली पोरं नुसतं नाही म्हणायला शिकता." दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला, "छत राहू दे. इंजिन तरी बघायला येशील?"

मित्रांनो, पुढच्या सुट्टीत जातोय. कोणी येणार असेल तर पाने घेऊन या!