माशाला माशी

मैत्रिणींनो, आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. केकसुद्धा मी बिनअंड्याचाच करते. आणि तरीही मागच्या वर्षी एका संध्याकाळी मी उस्मानपुऱ्यातल्या पीर बाजारात, चिकनच्या दुकानापुढे, हातात कापडी पिशवी घेऊन उभी होते. नाकाला पदर. मागे-पुढे बघत होते, कोणी ओळखीचं दिसत नाही ना!

"पिसं मिळतील का हो?" मी विचारलं.

दुकानदारानं सुरी खाली ठेवली. "पर? परों का क्या करते, अम्मा?"

आता ह्याला काय सांगायचं? म्हटलं, "माशी बनवायची आहे." तो माझ्याकडे बघतच राहिला. मग मुकाट्यानं मूठभर पांढरी पिसं पिशवीत टाकली आणि पैसेही घेतले नाहीत. बहुतेक म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय असं वाटलं असेल बिचाऱ्याला.

ती पिसं काही उपयोगाची निघाली नाहीत, पण ते पुढे सांगते. आधी माशीचं प्रकरण.

माझा धाकटा मुलगा कॅनडात कॅलगरीला असतो. तीन वर्षांपूर्वी त्याचा संसार मोडला. कुठं माशी शिंकली ते आम्हाला अजून नीट कळलेलं नाही. मुलगी वाईट नव्हती, हाही वाईट नाही. स्थळ मीच आणलं होतं, पत्रिका मीच जुळवून घेतली होती, त्यामुळे मला तर विचारायचीही चोरी. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "कसा आहेस?" "ठीक." "जेवलास?" "हो." "थंडी?" "आहे." झालं! दोन मिनिटांत फोन ह्यांच्या हातात, आणि बापलेक क्रिकेटवर बोलणार.

एका रविवारी व्हिडिओवर त्याच्या मागे टेबलावर दिवा दिसला, आणि दिव्याखाली एक छोटासा शिकंजा, सुतार लाकूड धरायला वापरतात तसा, पण बोटभर. आजूबाजूला दोरे, पिसं. म्हटलं, हे काय? तर म्हणाला, "आई, मी फ्लाय फिशिंग शिकतोय. माशा बांधतोय."

माझ्या पोटात धस्स झालं. एकतर मासे मारणं, आणि तेही आमच्या घरात! पण त्याचा चेहरा बऱ्याच महिन्यांनी जरा उजळलेला दिसत होता. मी गप्प बसले. तो सांगत गेला आणि मी ऐकत गेले.

आपल्याकडे गळ टाकतात तो कसा? टोकाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, वर शिशाचं वजन. त्या वजनानं दोरी लांब जाते. ह्या प्रकारात टोकाला असते नुसती खोटी माशी. गळाच्या आकड्यावर दोरा, पीस, लोकर गुंडाळून केलेला किडा. तिचं वजन फुलाच्या पाकळीइतकं. ती फेकली तर पुढे जाणारच नाही. म्हणून इथं दोरीच जाड आणि वजनदार असते. नऊ फुटी लवचिक काठीनं ती दोरी आधी मागे झुलवायची, पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे सोडायची. दोरी वजन घेऊन जाते, आणि शेवटच्या बारीक पारदर्शक तुकड्यावरची माशी पाण्यावर अलगद उतरते. खऱ्या किड्यासारखी. ट्राऊट नावाचा मासा पाण्यातल्या किड्यांवर जगतो, तो फसतो. कॅलगरीच्या मधूनच वाहणारी बो नदी ह्या माशासाठी प्रसिद्ध आहे. माझा मुलगा मासा धरतो, बघतो आणि परत सोडून देतो. गळाचा उलटा काटा त्यानं आधीच पक्कडीनं दाबून सपाट केलेला असतो, म्हणजे सोडवताना माशाला फार फाटत नाही.

"मग धरतोसच कशाला?" असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "आई, दोरा सारखा घसरतो बघ. गुंडाळलं की सुटतं."

आता दोरा हा विषय माझा! वीस वर्षं घरी शिवणक्लास घेतलाय मी. अर्ध्या उस्मानपुऱ्याचे ब्लाऊज माझ्या हाताखालून गेलेत. म्हटलं, "अरे, मेण लाव की दोऱ्याला. काजं करताना आम्ही दोरा मेणाच्या तुकड्यावरून ओढून घेतो, मग तो पकडून बसतो." पुढच्या रविवारी त्याचा फोन वेळेच्या आधी आला. "आई, जमलं! आणि माहितीये, इथं दुकानात ह्यासाठी खास मेण विकतात." त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटं बोललो. ह्यांना क्रिकेट बोलायला वेळच उरला नाही.

मग दर रविवारी असंच. त्याच्या माशीचं शेपूट वाकडं जायचं, मी इथून सांगायची, डाव्या अंगठ्यानं दाबून धर. शेवटची गाठ त्याला जमेना, मी काजाच्या टाक्याची युक्ती दाखवली. शिवणकाम आणि माशीकाम ह्यांत केवढं साम्य आहे म्हणून सांगू! दोऱ्याचं रीळ धरायच्या अवजाराला तेही बॉबिनच म्हणतात. हातशिलाईच्या सुईचा नंबर वाढत गेला की सुई बारीक होत जाते ना, गळाचंही अगदी तसंच. अठरा नंबरचा गळ म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा.

त्यानंच मला मेगन बॉइडबद्दल सांगितलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ब्रोरा गावाजवळ समुद्राकाठच्या एका झोपडीवजा घरात ही बाई राहायची. जन्म १९१५चा. लहानपणी शेजारच्या शिकाररक्षकाकडून माशी बांधायला शिकली आणि पुढे पन्नासएक वर्षं तेच केलं. घरात कित्येक वर्षं वीज नव्हती, पण तिच्या माशांसाठी लांबलांबून मागणी यायची. तेव्हाचे युवराज चार्ल्सही तिचं गिऱ्हाईक. १९७१ मध्ये राणीकडून पदक जाहीर झालं, तर ही म्हणे घ्यायला गेली नाही, कारण त्या दिवशी कुत्र्याजवळ थांबायला कोणी नव्हतं! आणि गंमत म्हणजे तिनं आयुष्यात कधी मासेमारी केली नाही. माशांचा जीव घेणं तिला आवडायचं नाही. नजर गेली तेव्हा काम थांबवलं, २००१ मध्ये वारली. हे ऐकलं आणि मला फार बरं वाटलं. म्हणजे एखादी बाई नुसती माशी बांधू शकते तर!

मागच्या जानेवारीत मुलगा आला तो माझ्यासाठी शिकंजा घेऊनच. ह्यांनी विचारलं, "हे घेऊन तू करणार काय? विकणार आहेस?" आपल्याकडे बाईनं स्वेटर विणला तर थंडीसाठी, पापड लाटले तर घरासाठी, भरतकाम केलं तर उशीच्या अभ्र्यासाठी. ज्याचा घरात काही उपयोग नाही असं काही तिनं करत बसावं, हे कुणाच्या पचनीच पडत नाही. ह्यांच्या कॅरमला मी कधी विचारलं नव्हतं, उपयोग काय म्हणून.

तर, पिसं. ब्रॉयलरची पिसं मऊ आणि भुसभुशीत असतात. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला कोंबड्याच्या मानेचं लांब, चिवट, चकचकीत पीस लागतं. म्हणजे गावरान कोंबडा, आणि तोही चांगला जुना. तिकडे तर ह्या पिसांसाठी कोंबड्यांची वेगळी पैदास करतात. माझी सोय शेवटी कामवाल्या मावशींच्या भावानं केली. मोराच्या पिसाचा एकेक तंतू गुंडाळला की भुंग्याच्या अंगासारखी हिरवी-तांबूस झाक येते. ते पीस देवघरात होतंच, कृष्णाचं. त्याची क्षमा मागून घेतलं. पण मुलानं बजावलं, आई, हे पाठवू नकोस. मोरानं आपसूक टाकलेली पिसं आपल्या देशात ठेवता येतात, बाहेर पाठवायला बंदी आहे. म्हणून मोरपिशी माशा इथंच डबीत पडून आहेत. चमकीसाठी पैठणीची जर मात्र माझ्याकडे भरपूर, पैठणच्या एका विणकरीण बाईंनी दिलेली तुकडे-तुकडे जर. परदेशी टिनसेलच्या तोंडात मारील अशी!

पिसांचा हा नाद भयंकर आहे बरं का. आपल्या सह्याद्रीतल्या आणि दक्षिणेतल्या जंगलांतला करडा रानकोंबडा, त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब पडावेत असे पिवळट-पांढरे ठिपके असतात. विलायतेतल्या सामन माशासाठीच्या दिमाखदार माशांवर डोळे म्हणून ही पिसं लावायची फॅशन होती, त्यापायी किती रानकोंबडे गेले कोण जाणे. आता त्याला कायद्याचं संरक्षण आहे. आणि २००९ मध्ये तर इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून बासरी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्यानं २९९ पक्षी चोरले, मसाला भरून जपून ठेवलेले, दुर्मीळ. कशासाठी? माशा बांधायच्या पिसांसाठी! मुलानं हे सांगितलं तेव्हा मी त्याला दम भरला, तू लोकरीवरच राहा.

म्हणून माझी पहिली धड माशी लोकरीचीच झाली. तिचं नाव वूली बगर. अर्थ विचारू नका, मी विचारला तर मुलगा हसतच सुटला. मागे मऊ पिसाची शेपटी, अंगाला लोकर, त्यावरून पिसाचे वेढे. ट्रंकेत लाल लोकरीचा उरलेला गुंडा होता, तीच वापरली.

मुलाला खरं तर महासीरसाठी जायचं होतं. हा आपल्या दख्खनच्या नद्यांतला राजा मासा. कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं, खुद्री हे नाव तेव्हाचं. पुढे हा मासा कमी झाला, तेव्हा लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांच्या वीज कंपनीनं त्याची पिल्लं वाढवायला सुरुवात केली. लाखोंनी वाढवली आणि ठिकठिकाणी सोडली, अगदी कावेरीतसुद्धा. पण कावेरीत तिथला स्वतःचा वेगळा महासीर होता, पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा. नवे निळसर परांचे मासे वाढले आणि तो जुना दिसेनासा होत गेला. शास्त्रीय नावात तो रेमादेवी आहे, डॉ. रेमा देवी ह्या मत्स्यशास्त्रज्ञ बाईंच्या सन्मानार्थ. कावेरीतला कुबडवाला तो हाच, हे २०१८ मध्ये नक्की झालं, आणि तोवर तो नामशेष व्हायच्या कडेला आला होता.

गाडीत मुलगा हे सांगत होता. "सगळ्यांनी चांगल्याच मनानं केलं होतं गं," तो म्हणाला. मी खिडकीबाहेर बघितलं. तो माशाबद्दलच बोलत होता, पण मला ती पत्रिका आठवली.

आम्ही चाललो होतो फुलंब्रीच्या बाजूला, माझ्या नणंदेच्या गावाजवळच्या पाझर तलावावर. तलाव मच्छीमार सोसायटीकडे ठेक्यानं असतो, तेव्हा आधी त्यांना विचारून घेतलं. त्यांनी हसत परवानगी दिली. एवढ्याशा लोकरीवर काय येणार?

सकाळची वेळ, धुकं. मुलानं काठी मागे झुलवली, दोरी हवेत लांब उलगडली, पुढे गेली. मी हे मोबाइलवर शंभरदा पाहिलं होतं, पण समोर पाहताना आवाजही असतो, हवा कापल्याचा बारीक आवाज. तासभर काहीच नाही. जाळं आवरत बसलेल्या एक मच्छीमार बाई आमच्याकडे बघून आपसात हसत होत्या. आणि मग काठी वाकली. वीतभर चिलापी! माझ्या लाल माशीवर! मैत्रिणींनो, मी त्या काठावर चप्पल टाकून उड्या मारल्या, ह्या वयात.

मुलानं हात ओला केला, मासा पाण्यातच धरला, गळ काढला आणि सोडून दिला. तो शेपूट मारून गेलासुद्धा.

ती बाई उठून उभीच राहिली. "अव दादा," ती म्हणाली, "सोडायचाच व्हता तर धरला कशापायी? लेकराला झाला असता की माझ्या."

मुलगा लालबुंद झाला. त्यानं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, नदी, छंद, मासे टिकले पाहिजेत. ती ऐकत होती, पण तिच्या डोळ्यांत तोच प्रश्न. आणि खरं सांगते, माझ्याकडेही उत्तर नव्हतं. उपाशी नसलेल्या माणसानं माशाच्या तोंडात गळ अडकवायचा आणि वर दया म्हणून सोडायचं, हे काही मला अजून पटलेलं नाही. ते न पटताच मी माशा बांधते. पुढचे दोन मासे मुलानं तिच्या पाटीत टाकले. त्या वेळी मी तिकडे पाठ केली.

परतीच्या वाटेवर त्यानं पहिल्यांदा आपणहून तिचं नाव घेतलं, त्याच्या बायकोचं. एवढंच म्हणाला की शेवटचं वर्षभर दोघं एकाच घरात एकमेकांशी बोलत नव्हते, आणि नदीवर जायला लागल्यावर त्याला निदान गप्प बसायचं दुःख होईनासं झालं. मी काही विचारलं नाही. ह्यांनी गाडी चहाला थांबवली.

आता तो परत गेलाय. रविवारचा फोन तासाच्या घरात जातो. माझा शिकंजा शिवणाच्या मशीनवरच लावलाय. माझ्याकडे दोघी जणी शिकायला येतात, शिवण सोडून माशी! एकीची सासू विचारते म्हणे, ह्याचं काय करायचं असतं. चिकनवाला आता लांबूनच हाक मारतो, "अम्मा, आज लाल मुर्गा है!"

परवा मुलाचा निरोप आला, त्या लाल लोकरीच्या आणखी चार-पाच करून ठेव, दिवाळीत येतो तेव्हा घेऊन जाईन. बो नदीतही ती चालेल असं त्याला वाटतं. मी ट्रंक उघडली. गुंडा संपत आलाय. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत सुनेसाठी मी स्वेटर विणला होता, त्यातली उरलेली लोकर. त्याला मी हे सांगितलेलं नाही. त्यानं रंगावरून ओळखली असेल का?