कागदावरची सरहद्द
लेखांक ६ : नगरहून बीडला, हैदराबादमार्गे

मागच्या आठवड्यात आपण १८१८ सालची बीडची धामधूम पाहिली : धर्माजी प्रतापरावांचं बंड आणि लेफ्टनंट जॉन सदरलंडच्या रिसाल्याने केलेली त्यांची धरपकड. आज कागदाकडे वळू, कारण त्या काळाबद्दल आपल्याला जे कळतं ते बहुतेक जिंकणाऱ्यांच्या पत्रांतून.

पेशवाई बुडाली आणि नगर कंपनी सरकारकडे गेलं. बीड मोगलाईतच, म्हणजे निजामाकडे, राहिलं. आष्टीच्या बाजूला काही अंतर सीना नदी ही सरहद्द. जामखेडकडे मात्र गावांची सरमिसळ. इकडची गुरं नदीपलीकडे गेली, की दुसरं राज्य.

आता फिर्याद कशी जाई ते पाहा. गावचा कुलकर्णी बोरूने मोडीत लिही. नगरला कलेक्टर कॅप्टन पॉटिंजर. त्यांच्या कचेरीत मजकूर इंग्रजीत उतरे, कलमांना आकडे पडत. तिथून पुण्याला कमिशनर एल्फिन्स्टन. परराज्याशी बोलण्याचा रीतसर मार्ग रेसिडेंटाचा, म्हणून पुढे हैदराबादला हेन्री रसेल. दरबारात फारसी चाले, कारभार राजा चंदुलालांच्या हाती. तिथून हुकूम निघून बीडच्या अंमलदाराकडे, आणि गावात पोचेतो पुन्हा मोडी. नगर-बीड वाट चार-पाच मजलांची. कागद मात्र अर्धं दख्खन फिरून यायचा!

या प्रवासात खरी सत्ता मुनशीची होती, असं मला वाटतं. ‘वतन’ या शब्दाला इंग्रजीत जोड नव्हती, तो तसाच लिहावा लागला. बीडचं ‘भीर’ झालं. जुन्या इंग्रजी दप्तरात आपला जिल्हा त्याच नावाखाली शोधावा लागतो.

तारखांचं तर विचारूच नका. इंग्रजाचा जुलै १८१८ म्हणजे शके १७४०, फसली १२२८, हिजरी १२३३. आणि मराठी दप्तराच्या सवयीने शुहूर सन : ‘तिसा अशर मयातैन व अलफ’. नऊ, दहा, दोनशे आणि हजार, म्हणजे १२१९. एकाच महिन्याची ही पाच नावं ज्याला जुळवता येत नाहीत, त्याला त्या दप्तरातली दोन पत्रं एकमेकांना उत्तर आहेत हेही कळत नाही.

१२ डिसेंबर १८२२च्या तहात पेशव्यांकडून कंपनीकडे आलेला चौथाईचा हक्क निजामाला माफ झाला, आणि सरहद्द सरळ करायला मुलखाची अदलाबदल ठरली. तरी सरमिसळ पुरती मिटली नाही. तिचे उरलेसुरले तुकडे १९५० साली मार्गी लागले.

हैदराबादेत १८८४ साली फारसीची जागा उर्दूने घेतली. म्हणून २०२३ साली कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरं उघडली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. आपल्या घरी माळ्यावर रुमालात बांधलेले कागद असतील, तर ते पाण्यापासून जपा आणि वाचता येणाऱ्याला दाखवा. तारीख कशी काढायची, ते पुढच्या लेखांकात सविस्तर.