जुन्या शाखेची डागडुजी

मुकुंदराजांची समाधी असलेल्या या अंबाजोगाईत पोथी म्हणजे काय, हे सांगावयास नको. समजा, एखाद्या घरी विवेकसिंधूची हस्तलिखित प्रत आहे आणि तीत एका ओवीचा पाठ चुकला आहे, असे नव्या शुद्ध प्रतीवरून कळले. म्हणून घरची पोथी टाकून देतात काय? नाही. तेवढा पाठ समासात दुरुस्त करतात. पानांचे आकडे, वाचणाऱ्याच्या खुणा तशाच राहतात. संगणकाच्या जगात अशाच कामाला बॅकपोर्टिंग म्हणतात. नव्या आवृत्तीत झालेली दुरुस्ती मागे नेऊन जुन्या आवृत्तीत बसवावयाची, एवढाच त्याचा अर्थ.

लिनक्ससारख्या मुक्त आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांस खुला असतो. मूळ प्रवाह पुढे वाहत राहतो आणि त्यातून वेळोवेळी शाखा फुटतात. रुग्णालय, बँक, कारखाना यांना दरवेळी नवी आवृत्ती घेणे परवडत नाही. कारण नव्या सोयींबरोबर नवे दोषही येतात. त्यांना हवी असते केवळ डागडुजी. लिनक्सच्या गाभ्यासाठी 2005 सालापासून अशा स्थिर शाखा राखल्या जातात. नियम कडक आहेत: दुरुस्ती आधी मूळ प्रवाहात गेलेली असावी, खऱ्या दोषावरची असावी, आणि आजूबाजूच्या ओळी धरून 100 ओळींहून मोठी नसावी.

7 एप्रिल 2014 रोजी ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जाहीर झाला. इंटरनेटवरील गुप्त देवाणघेवाण सांभाळणारी ओपनएसएसएल ही आज्ञावली समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासताच उत्तर देई. त्यामुळे एकेका विनंतीस संगणकाच्या स्मृतीतील 64 किलोबाइटपर्यंत मजकूर बाहेर जाई. त्यात परवलीचे शब्दही असू शकत. हा दोष 2012 च्या 1.0.1 या आवृत्तीबरोबर आला होता, 0.9.8 आणि 1.0.0 या जुन्या शाखांत तो नव्हताच! दुरुस्त आवृत्ती 1.0.1जी निघाली. परंतु डेबियनने, तसेच जिचे मोठे कार्यालय आपल्या पुण्यात आहे त्या रेड हॅटने, आपली 1.0.1ई हीच आवृत्ती ठेवून तीत तेवढी दुरुस्ती बसविली. आकडा जुना, दोष मात्र गेलेला. म्हणून नुसता आकडा पाहून निर्णय देणारा फसतो. त्यापुढे जोडलेला दुरुस्तीचा क्रमांकही वाचावा लागतो.

हे काम उचलून चिकटविण्याचे नव्हे. दुरुस्ती ज्या फेरबदलावर उभी असते, तो कधी कधी जुन्या शाखेत नसतोच. मग ती नव्याने बेतावी लागते, पुन्हा सारी तपासणी करावी लागते. शाखा जितकी जुनी, तितके श्रम अधिक. आणि श्रम म्हटले की आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना पहिला प्रश्न सुचतो: मजुरी कोण देतो? हार्टब्लीडपूर्वी ओपनएसएसएलला देणग्या मिळत वर्षाला सुमारे 2,000 डॉलर, आणि पूर्णवेळ माणूस होता एक. दोष उघडा पडल्यावर त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने बड्या कंपन्यांकडून निधी उभा केला. घर गळू लागल्यावरच गवंड्याची आठवण व्हावी, तशातला हा प्रकार.

नवे घडविणाऱ्याचा सत्कार होतो. जुने सांभाळणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. तेव्हा ज्या संस्थेचा कारभार अशा शाखेवर चालतो, तिने दोन प्रश्न अवश्य विचारावेत: ही शाखा कोण, कोठवर सांभाळणार? आणि त्याच्या घामाचे दाम त्याला मिळते काय? दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिल्याच्या उत्तरावर विसंबून राहू नये.