किती बोटं, सिस्टर?

सकाळी 8. रात्रीच्या सिस्टरने चार्ज दिला. लेबर रूममध्ये दोघी. एकीची तिसरी खेप, ती नऊच्या आत मोकळी झाली. दुसरी पहिलटकरीण.

8.20. तिला आधी लघवीला पाठवलं. मूत्राशय भरलेलं असलं की डोकं नीट लागत नाही. कळ ओसरल्यावर ओटीपोटावर बोटं टेकवली. प्युबिक हाडाच्या वर चार बोटं डोकं: 4/5. आतून पाहिलं, तोंड 5 सेंटिमीटर उघडलेलं.

दाराशी तिची आई. "किती बोटं, सिस्टर?" त्या विचारतात ती पिशवीच्या तोंडाची बोटं, वाढायला हवीत. मी मोजते ती पोटावरची, कमी व्हायला हवीत. हे दारात उभं राहून कुठे समजावणार? "अजून वेळ आहे, मावशी."

10.20. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके, ते छान. डोकं 3/5. पाठ चोळून दिली, खोलीत चालायला लावलं.

12.20. चार तासांनी पुन्हा आतली तपासणी. शिकाऊ मुलगी खुशीत: "8 सेंटिमीटर, आणि डोकं स्पाइनला आलंय!" स्पाइन म्हणजे कटीराच्या आतल्या बाजूंची हाडांची टोकं, डोक्याचं हाड तिथवर पोचलं की शून्य. मी वरून हात लावला. अजून 3/5. म्हणजे दोन तासांत डोकं हललंच नव्हतं. आत हात घातल्यावर कळलं: तिच्या बोटाला लागली ती डोक्यावर आलेली सूज. कवटीची हाडं एकमेकांवर चढलेली, दाबूनही सुटेनात. डोकं वर अडलेलं, खाली उतरत होती ती सूज.

म्हणूनच मी आधी पोटावर हात ठेवते. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रायटन नावाच्या डॉक्टरांनी 1974 साली पाच भागांची ही मोजणी मांडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या प्रसूतीच्या तक्त्यातही डोकं याच हिशेबाने लिहायचं असतं. दोन भाग किंवा त्याहून कमी लागलं, तर डोकं कटीरात बसलं म्हणायचं.

12.35. डॉक्टरांनी स्वतः पाहिलं. आमच्याकडे सिझरची सोय नाही. सलाईन लावली, 108 बोलावली.

1.10. गाडी जिल्हा रुग्णालयाकडे निघाली. तक्त्याची प्रत आशाताईच्या हातात दिली.

2.00. ड्युटी संपली, रजिस्टर भरता भरता पावणेतीन झाले.

4.15. आशाताईचा फोन. सिझर झालं, मुलगी, 3 किलो 400 ग्रॅम, लगेच रडली. आजी डोक्यावरच्या टेंगळाला घाबरलीय म्हणे.

सांगितलं, दोन दिवसांत उतरेल ते.