आई पॉझिटिव्ह, मग बाळाचं काय?

घरात बहीण, वहिनी किंवा बायको प्रेग्नंट आहे आणि तिची कोविड टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, "बाळाला काही होणार नाही ना?" आज आपण आधी आईबद्दल बोलूया. कारण जास्त धोका तिला असतो.

आपल्या नवी मुंबईतून खाडी ओलांडली की मुंबई सेंट्रलला नायर हॉस्पिटल. २०२० मध्ये ते कोविड हॉस्पिटल झालं आणि पॉझिटिव्ह बायकांची बाळंतपणं तिथे होऊ लागली. परळची आयसीएमआरची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आणि नायर यांनी मिळून अशा गरोदर बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली. नाव, 'प्रेगकोविड रजिस्ट्री'. पुढे राज्यातली १९ मेडिकल कॉलेजं त्यात आली.

पहिल्या लाटेतल्या ४,२०३ जणींची माहिती त्यात आहे. लक्षणं होती फक्त ५३४ जणींना, म्हणजे साधारण १३ टक्के. बाकीच्यांना टेस्ट केली म्हणून कळलं. सुमारे १६ टक्के बाळंतपणं दिवस पूर्ण भरण्याआधी झाली. ३४ माता दगावल्या. आता एक गोष्ट लक्षात घ्या, मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गुंतागुंतीच्या केसेस मुळातच जास्त येतात. त्यामुळे सगळा दोष कोविडचाच, असं म्हणता येत नाही.

मग दुसरी लाट आली. नायरमध्ये आधी लक्षणं असलेल्या १४ टक्के होत्या, त्या जवळपास २९ टक्के झाल्या. मृत्यूचं प्रमाण ०.७ वरून ५.७ टक्क्यांवर गेलं. असं का? गर्भ वाढतो तसा पोटाचा पडदा वर ढकलला जातो, फुप्फुसांना जागा कमी पडते, शरीराला ऑक्सिजन मात्र जास्त लागतो. रक्त गोठण्याची शक्यताही या काळात वाढलेली असते. त्यात न्यूमोनिया झाला की तब्येत झपाट्याने बिघडते.

आणि लस? देशात लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ ला. गरोदर बायकांना परवानगी मिळाली २ जुलैला. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये त्यांना घेतलंच नव्हतं, म्हणून खात्री नव्हती. तोवर दुसरी लाट येऊन गेली होती.

आता बाळ. पोटातच संसर्ग होऊ शकतो, पण क्वचित. पुण्याच्या ससूनमध्ये २०२० मध्ये अशी एक केस सापडली. नाळेत आणि वारेतही विषाणू मिळाला. बाळ खूप आजारी पडलं, पण बरं होऊन घरी गेलं.

सुरुवातीला भीतीपोटी बऱ्याच ठिकाणी बाळाला आईपासून लांब ठेवलं जायचं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला वेगळा आहे: आईची तब्येत बरी असेल तर बाळ तिच्याजवळच ठेवा. मास्क लावायचा, हात धुवायचे आणि अंगावर पाजायचं. आईच्या दुधातून बाळाला अँटिबॉडीज मिळतात.

तर लक्षात काय ठेवायचं? दम लागतोय, छातीत दुखतंय, ऑक्सिमीटर ९४ च्या खाली जातोय किंवा बाळाची हालचाल कमी वाटतेय, तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. लसीबद्दल व्हॉट्सअ‍ॅपला नाही, डॉक्टरांना विचारा. आणि घरी कुणी पॉझिटिव्ह असेल तर बाळाची चौकशी नक्की करा, पण आधी तिला विचारा, "तुला कसं वाटतंय?"

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!