राणीछाप आटली ते दशक

२०२५ च्या डिसेंबरात चांदी किलोला दोन लाखांच्या पुढे गेली आणि शहापूरच्या पेठेत सराफांच्या दारात तरुण पोरांची गर्दी झाली. लक्ष्मीचा छाप मारलेलं, प्लास्टिकच्या पाकिटात बंद केलेलं दहा ग्रॅमचं नाणं घेऊन ती बाहेर पडत होती. त्यातल्या कितीतरी पोरांच्या पणज्यांच्या गळ्यात राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा छाप असलेल्या, रुपयांची माळ होती, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्याच सुमारास आमच्या शेणवे गावात बचतगटाच्या बायकांना मार्गदर्शन करायला शहरातून एक गुंतवणूक सल्लागार आले. खेड्यापाड्यांत चांदीकडे गुंतवणूक म्हणून बघायची सवयच नव्हती, ती आता लावून घ्या, असं ते म्हणाले. बायकांनी माना डोलावल्या. मला ते वाक्य फार लागलं. आमच्या आज्यांना दुसरी कसलीही गुंतवणूक ठाऊकच नव्हती. ती चांदी गेली कशी, कोणी नेली आणि केवढ्याला नेली, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून हा मागोवा.

फार जुन्या काळात रमायचं मला कारण नाही. मुरबाडच्या टोकाला नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांत दान दिलेल्या कार्षापण नाण्यांचे आकडे कोरलेले आहेत. कसारा घाट चढून नाशिककडे गेलं की जोगलटेंभी. तिथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला आणि त्यातल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी हे मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं. पण त्यातलं एकही नाणं आमच्यापैकी कोणाच्या उतरंडीत नव्हतं. पेशवाईतल्या अंकुशी आणि चांदवडी रुपयांचंही तेच. आमच्या घरांत चांदी आली ती कंपनीने १८३५ साली सगळीकडे एकसारखा रुपया पाडायला सुरुवात केल्यानंतरची. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. बारा भागांतले अकरा भाग चांदी. हा रुपया शंभर वर्षांहून अधिक काळ वजनाला आणि कसाला बदलला नाही. म्हणून तर तो वजन म्हणूनही वापरात होता. रुपयाभार तंबाखू, रुपयाभार हळद, ऐंशी रुपयाभाराचा शेर.

भात, गवत, लाकूड आणि म्हसा गावच्या जत्रेत विकलेला बैल, एवढ्या वाटांनी रुपया घरात यायचा. आला की त्यातला एखादा बाईच्या हातात पडायचा आणि तो पुन्हा बाजारात जायचा नाही. गावचा सोनार त्याला डाक लावून कडी बसवायचा. अशा कड्यांचे रुपये जमले की पटवेकरी ते गोफात ओवून द्यायचा. ठाकरांच्या लग्नात देज, म्हणजे मुलीचं मोल, मोजलं जायचं ते बंद्या रुपयांत. देव्हाऱ्यातला टाक घडवायचा तर त्यासाठीही घरातलाच रुपया सोनाराकडे जायचा. कातकरी वाडीवर एखाद्या म्हातारीकडे दोनच रुपये असायचे, पण असायचे. घरातलं भात पुरुषाचं, जमीन पुरुषाची, जनावरं पुरुषाची. माळ बाईची. नवऱ्याने ती सावकाराकडे गहाण टाकली तर अख्ख्या गावात त्याची नाचक्की व्हायची आणि सोडवून आणेपर्यंत तो चारचौघांत बसायला कचरायचा.

सरकारने हे रुपये रद्द केले, तेही आमच्याकडे कोणाला नीट कळलं नाही. युद्धाच्या ओढाताणीत १९४० पासून राणीचे, मग एडवर्डचे, मग जॉर्जचे जुने रुपये एकामागून एक चलनातून काढले आणि नवा रुपया निम्म्या चांदीचा पाडला. पुढे १९४७ साली तर निकेलचा वाघछाप रुपया आला. १९४३ नंतर राणीछाप रुपयाने दुकानात मीठही मिळालं नसतं. तरी एकाही बाईने माळ उतरवली नाही. सरकारने छाप रद्द केला होता, चांदी रद्द करणं सरकारच्या हातात नव्हतं. २०१६ च्या नोव्हेंबरात भाताच्या कणगीतून, गोधडीच्या शिवणीतून पाचशे-हजारच्या नोटा काढून बायका रडत बँकेच्या रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा मला त्या माळा आठवल्या.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. गांधी शताब्दीला, १९६९ साली, दहा रुपयांचं चांदीचं नाणं निघालं. पंधरा ग्रॅमचं, ऐंशी टक्के चांदीचं. आमच्याकडे ते दोन-चार नोकरदारांनीच घेऊन ठेवलं.

मग १९८० उजाडलं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. अमेरिकेत हंट बंधूंनी चांदीचा एवढा साठा केला की जानेवारीत औंसाचा भाव पन्नास डॉलरच्या घरात गेला आणि २७ मार्चला त्यांचा डोलारा कोसळला. हे मला पुढे वाचून कळलं. शेणव्यात कळलं ते एवढंच, की चांदीची मोड घेणारी माणसं अचानक वाढली. आधी ती दिवाळीच्या आगेमागे एखाददुसरी दिसायची, आता दर महिन्याला एसटीतून उतरू लागली. पितळी काटा, कापडी पिशवी, कसोटीचा दगड आणि गोड बोली. भाव पडला तेव्हाही त्यांचं येणं थांबलं नाही. कारण त्यांना कळून चुकलं होतं, की या पट्ट्यात चांदी आहे आणि तिचा भाव विचारणारं कोणी नाही.

त्यांची लबाडी मी जवळून पाहिली. निम्म्या चांदीचा युद्धातला रुपया आणि जुना अस्सल रुपया वजनाला सारखेच भरतात. ओळख किनारीवर. जुन्या रुपयाच्या कडेला नुसत्या उभ्या खाचा असतात. १९४० नंतरच्या रुपयाला त्या खाचांच्या मधोमध एक खोलगट रेघ गोल फिरलेली असते आणि त्या रेघेत बारीक नक्षी असते. नख फिरवलं तरी समजते. मोडवाल्याला हे पाठ होतं, बायकांना नव्हतं. तो माळेतला एखादा जॉर्जचा रुपया पुढे करायचा, ‘हा लढाईतला, यात निम्मी भेसळ’ म्हणायचा आणि त्याच भावाने सगळी माळ मोजायचा. राणीचेसुद्धा. वर कडीच्या डाकाची घट वेगळी, मळाची घट वेगळी.

माझ्या चुलत आत्याची माळ अशीच गेली. मी शाळेतून आले तेव्हा ओटीवर गोफ सोडून ठेवलेला होता आणि रुपये काट्यात होते. बहुतेक राणीचे होते. १८६२ सन असलेले तीन मी स्वतः हातात घेतले. एकावरचा राणीचा चेहरा घासून गुळगुळीत झाला होता, मुकुटाची तेवढी रेघ उरली होती. आत्याच्या छातीवर चाळीस वर्षं तो रुपया हलत होता, त्याची ती झीज. तेव्हा चांदी किलोला अडीच-तीन हजारांच्या आसपास होती. एका राणीछाप रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे अठ्ठावीस-तीस रुपयांचा ऐवज. मोडवाल्याने रुपयाला सोळा दिले. मी बोलले, तेव्हा तो काटा उचलायला लागला आणि आत्याच मला म्हणाली, ‘बाय, तू गप बस. पोरगा मुंबैत उपाशी हाय.’

कारण तोवर १९८२ साल लागलं होतं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आमच्या शहापूर-मुरबाडचेही कितीतरी घरकर्ते गिरणीत होते. महिन्याची मनीऑर्डर बंद झाली. पहिले काही महिने दुकानदाराने उधार दिलं, नंतर हात वर केले. गिरणगावातल्या त्या संपावर पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते लिहायलाच हवं होतं. पण तो संप गावाकडे कोणाच्या गळ्यातून निघालेल्या चांदीवर तगला, हे फारसं कोणी लिहिलं नाही. परत आलेली माणसं वीटभट्टीवर, धरणाच्या कामावर, मिळेल तिथे लागली. माळ मात्र एकदा गेली की परत घडली नाही.

ज्यांना संपाची झळ नव्हती, त्यांच्या चांदीला फॅशनने गाठलं. रुपयांची माळ म्हणजे ठाकूर-कातकऱ्यांचं लेणं, असं आमच्याच शिकलेल्या मंडळींनी ठरवलं. माझ्या शिक्षकी पेशातल्या बायकांनीही ठरवलं आणि त्याबद्दल माझा राग अजून गेलेला नाही. लग्नात मुलीकडची बाई जुनी माळ घालून बसली तर वरपक्षातल्या बाया कुजबुजायच्या. मग ती माळ देऊन सोन्याचा मुलामा दिलेलं मंगळसूत्र यायचं, किंवा स्टीलच्या डब्यांचा उभा संच. तो डबा आजही कोणाकोणाच्या फळीवर आहे, पत्रा म्हणूनही त्याला गिऱ्हाईक नाही.

याच काळात नाणी जमवणारे हौशी लोकही यायला लागले. शिकलेले, नम्र, हातात भिंग. त्यांना काय हवं ते त्यांना नेमकं माहीत असायचं. १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया, ज्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून बोंब झाली, नाणं मागे घेतलं आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट केली. किंवा १९३९ चा, जो बहुतेक सगळा वितळला म्हणून दुर्मीळ. १८६२ च्या रुपयावर तोच सन पुढे कितीतरी वर्षं छापत राहिले आणि खरं वर्ष बारीक ठिपक्यांवरून ओळखायचं, हे मला अशाच एका गृहस्थांनी दाखवलं. ज्ञान त्यांच्याकडे होतं, त्याबद्दल मला आदर आहे. पण किनारीवरची ती रेघ त्यांनी एकाही बाईला दाखवली नाही. हवा तो रुपया मोडीच्या भावात उचलला आणि कडी लावलेला दिसला की ‘खराब केलाय’ म्हणून परत केला. संग्राहकाच्या हिशेबात कडी म्हणजे नाण्याला लागलेला कलंक. माझ्या हिशेबात त्या कडीमुळेच ते नाणं या मुलखाचं झालं. टाकसाळीतून निघालेल्या कोट्यवधी रुपयांमधून हाच रुपया कोणा बाईचा होता, याचा दुसरा पुरावा कोणता?

१९८० सालीच घाटावर, अंजनेरीला, डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. देशभरातले अभ्यासक तिथे येतात. संस्थेवर माझा काहीच आक्षेप नाही, उलट अभिमान आहे. पण त्याच दशकात घाटाखाली पोतीच्या पोती रुपये कल्याणला आणि तिथून झवेरी बाजारात वितळायला जात होते आणि त्यांची कुठेही नोंद झाली नाही, ही खंत राहते. कोणत्या गावात किती माळा होत्या, कोणत्या राजाचे रुपये जास्त, देज किती रुपयांचं, हे तेव्हा नुसतं वहीत उतरवून घेतलं असतं तरी या भागाचा आर्थिक इतिहास हाती राहिला असता. आता त्या म्हाताऱ्या नाहीत.

नव्वदनंतरचं थोडक्यात. मोडवाले यायचे थांबले, कारण मोड संपली. २०११ च्या एप्रिलात भाव सत्तर हजारांवर गेला, तेव्हा शहापुरातल्या काहींनी विटा घेतल्या आणि पुढची कित्येक वर्षं तो भाव परत दिसला नाही. समृद्धी महामार्गात जमिनी गेल्या, मोबदला आला. त्या पैशाच्या गाड्या झाल्या, बंगले झाले. बायकांच्या नावावर त्यातलं किती आलं, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

आणि आता ही पाकिटातली नाणी. ९९९ कसाची चांदी, हे खरं. पण विकत घेताना तीन टक्के जीएसटी, घडणावळ, पाकिटाचा खर्च. परत द्यायला गेलं की यातलं काहीच धरत नाहीत, वर थोडी घट कापतात. चांदी बरीच चढली तरच घेणाऱ्याच्या हाती काही लागतं. फोनवर चांदीचा ईटीएफ घेणारा मुलगा निदान घडणावळ वाचवतो, पण ते खातं त्याचं, पासवर्ड त्याचा, आणि त्याच्या बायकोला भावाचा मेसेजसुद्धा येत नाही. सल्लागार साहेबांच्या तक्त्यात ही बाब नव्हती. आत्याच्या एका रुपयातल्या चांदीची किंमत दोन लाखांच्या भावाने २,१३८ रुपये होते, तीही त्यात नव्हती.

गेल्या महिन्यात मुरबाडकडच्या एका सुनेला सासूच्या पेटीत कडीचे सात रुपये मिळाले. ती ते घेऊन माझ्याकडे आली, कारण एका दुकानात तिला ‘जुनी नाणी, नगाला हजार’ असं सांगितलं होतं. आम्ही दोघींनी किनारी पाहिल्या. सहा अस्सल, एक युद्धातला. तिला कागदावर हिशेब लिहून दिला आणि विकू नकोस म्हटलं. पण तिला मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी पैसे हवे आहेत, नुसत्या सल्ल्याने तिचं भागणार नाही. न विकता तारण ठेवायची एक वाट आहे. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत. त्यात चांदीची नाणी ५०० ग्रॅमपर्यंत आणि दागिने दहा किलोपर्यंत तारण ठेवून कर्ज देता येईल, असं आहे. कडी लावलेला राणीछाप रुपया नाणं धरायचा की दागिना, आणि त्याचा कस नक्की कोण आणि कसा तपासणार, हे विचारायला आम्ही दोघी शहापूरच्या बँकेत जाणार आहोत. उत्तर आम्ही लेखी मागणार आहोत.