कापरापासून कार्बन नॅनोनलिका : निर्मिती व शुद्धीकरण

ग्राफाइटच्या एका थरात कार्बनचे अणू षट्कोनी जाळीच्या रूपाने मांडलेले असतात. असा थर गुंडाळून त्याच्या कडा जोडल्या आहेत अशी कल्पना केली, म्हणजे जी पोकळ नळी सिद्ध होते तीच कार्बन नॅनोनलिका होय. एका भिंतीच्या नलिकेचा व्यास बहुधा १ ते २ नॅनोमीटर असतो. लांबी मात्र त्याच्या हजारो पट असू शकते. १९९१ साली जपानमध्ये सुमिओ इइजिमा यांनी विद्युत् प्रज्योतीतून मिळालेल्या कार्बनमध्ये अनेकभित्ती नलिकांची रचना दाखवून दिली, आणि तेव्हापासून या विषयाकडे संशोधकांचे लक्ष व्यापक प्रमाणावर वेधले गेले.

तथापि नलिका निर्माण करणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. भट्टीतून निघणाऱ्या काजळीत नलिकांबरोबर अस्फटिकी कार्बन व उत्प्रेरक धातूचे कण मिसळलेले असतात. धातू काढण्यासाठी तीव्र आम्ल वापरावे, तर नलिकांच्या भिंतींत दोष उत्पन्न होतात. अस्फटिकी कार्बन घालविण्यासाठी हवेत तापवावे, तर काही नलिकाही जळतात. म्हणून शुद्धीकरणाचा भार हलका करावयाचा असेल, तर विचार कच्च्या मालापासूनच केला पाहिजे.

या दृष्टीने मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले कापरावरील संशोधन लक्षणीय ठरते. महेश्वर शॅरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कापरापासून फुलरिन मिळविल्याचा निबंध १९९४ साली प्रसिद्ध झाला. पुढे शॅरॉन यांचे सहकारी मुकुल कुमार व नागोया येथील मेइजो विद्यापीठाचे योशिनोरी आंदो यांनी २००३ साली कापरापासून नलिका तयार केल्याचे प्रसिद्ध केले. कापूर व फेरोसीन यांची वाफ आरगॉन वायूच्या प्रवाहात सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाच्या नळीभट्टीत नेली असता वाफेचे विघटन होते, फेरोसीनमधील लोह उत्प्रेरकाचे काम करते, आणि क्वार्ट्झच्या पृष्ठावर नलिका उभ्या वाढतात. लोह व कोबाल्ट धारण केलेल्या झिओलाइटवर सुमारे ६५० अंशांना अनेकभित्ती, तर ९०० अंशांच्या आसपास एकभित्ती नलिका मिळतात.

कापूरच का, याचे उत्तर त्याच्या रेणूत शोधले गेले आहे. त्यात कार्बनचे १०, हायड्रोजनचे १६ व ऑक्सिजनचा १ अणू असून कार्बनची कडी पिंजऱ्यासारखी जोडलेली असतात. ही कडी नलिकेच्या जाळीस उपकारक ठरत असावीत, आणि ऑक्सिजन अस्फटिकी कार्बन जागच्या जागी जाळून टाकीत असावा, अशी संशोधकांची उपपत्ती आहे. कापूर सहज संप्लवन पावतो, त्यामुळे त्याची वाफ भट्टीत नेणेही सुलभ होते.

मात्र या पद्धतीची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. एकभित्ती नलिकांपैकी स्थूलमानाने एक-तृतीयांश धातूप्रमाणे वाहक व उरलेल्या अर्धवाहक असतात. हा भेद जाळी कोणत्या दिशेने गुंडाळली गेली यावर अवलंबून असतो आणि केवळ कच्चा माल बदलून तो नाहीसा होत नाही. अशा मिश्रणातील नलिका पृष्ठसक्रिय द्रव्याच्या द्रावणात श्राव्यातीत ध्वनितरंगांनी सुट्या कराव्या लागतात व केंद्रोत्सारी यंत्रात घनतेनुसार वेगळ्या काढाव्या लागतात. ध्वनितरंग फार वेळ दिले तर नलिका तुटून आखूड होतात. सारांश, कापरामुळे अशुद्धी काढण्याचे कष्ट कमी होऊ शकतात. परंतु निवडीचे काम शिल्लकच राहते, आणि इलेक्ट्रॉनिक उपयोगांच्या दृष्टीने तेच अधिक कठीण आहे.